चार दिवस समुद्राकाठी

शाळांना उन्हाळ्याची सुटी लागली की नवीन जालन्यातील आपल्या वस्त्यांमधून दोनच बेत ऐकू येतात. एक, मामाच्या गावाला जाणे. दुसरा, कोठेही न जाणे. ज्यांचे मामा कुंडलिकेच्या पलीकडे जुन्या जालन्यातच राहतात, त्यांचे दोन्ही बेत एकाच पुलावरून पार पडतात!

वस्तीतील कोणत्याही मुलाला विचारा, "समुद्र पाहिलास का रे?" बरीच मुले होय म्हणतील. कोठे? दादरला. कधी? सहा डिसेंबरला. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या चौपाटीवर परमपूज्य बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले, १९७१ साली तेथे चैत्यभूमीचा स्तूप उभा राहिला. मराठवाड्यातल्या आपल्या कितीतरी घरांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो या निमित्ताने. पण नीट आठवून पाहा, आपण तो पाहतो का? रांग स्तूपाकडे तोंड करून उभी असते आणि तेच योग्य आहे. समुद्र बाजूला राहतो. बापाच्या खांद्यावर बसलेल्या लेकराला मात्र ते पाणी दिसत असते. "बाबा, तिकडं जाऊ ना." बाप म्हणतो, "नंतर." मग पुस्तकांचे स्टॉल, शिवाजी पार्कातली गर्दी, भोजनदानाची रांग, रात्रीची गाडी. ते 'नंतर' मुंबईतच राहून जाते.

त्या 'नंतर'विषयी या वेळी लिहायचे आम्ही ठरविले आहे. अभिवादनासाठी नव्हे, मोर्चासाठी नव्हे, लग्नासाठी वा दवाखान्यासाठी नव्हे. केवळ विसावा म्हणून घरातील सर्वांनी चार दिवस समुद्राकाठी जावे.

आमचे हे म्हणणे बुद्धविहारात बोलून दाखविले तेव्हा एका ज्येष्ठ उपासकांनी लगेच अडविले. म्हणाले, "हे पैसेवाल्यांचे चोचले. आपल्या लोकांना अजून घरावर स्लॅब नाही आणि तुम्ही समुद्र दाखविता." त्यांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. परंतु त्यांना आम्ही जे सांगितले तेच येथे सांगतो. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४५ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन वर्षभर सलग काम केलेल्या प्रौढ कामगाराला १० दिवसांची भरपगारी सुटी मिळाली. त्या वेळी कारखान्यांत मुलेही राबत. त्यांना १४ दिवस. पुढच्याच वर्षी आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. १९४८ च्या कारखाना कायद्याने हिशेब आणखी पक्का केला. दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा.

बाबासाहेबांनी शिक्षण दिले, मताचा अधिकार दिला हे आपण भाषणांतून सांगतो. विसाव्याचा अधिकारही त्याच हाताने आला, हे मात्र सांगायचे राहून जाते. भरपगारी या शब्दाचा अर्थ एवढाच की कामगाराने काही दिवस काम न करता राहावे आणि त्या दिवसांतही त्याच्या घरची चूल पेटावी. ती रजा आपण कशासाठी वापरतो? साल्याचे लग्न, चुलत्याचा पुण्यानुमोदन विधी, लेकीचे बाळंतपण, तापातले चार दिवस. उरलेल्या रजेचे पैसे घेतो. रजा म्हणून रजा कोणी घेतलेली आमच्या पाहण्यात फारशी नाही.

आता याच शहरात असेही पुष्कळ आहेत ज्यांच्या वाट्याला ही रजा कागदावरही येत नाही. जालन्याच्या सळया दूरदूरच्या इमारतींत जातात, पण मिलमध्ये ठेकेदाराच्या हजेरीवर भट्टीसमोर उभे राहणाऱ्याला चार दिवस बाहेर जाणे म्हणजे चार दिवसांची मजुरी बुडविणे. हमाली करणारे, मोंढ्यात गोण्या उचलणारे, बांधकामावर जाणाऱ्या भगिनी, सर्वांची तीच कथा. त्यांना "जा" म्हणून सांगणे सोपे आहे. म्हणून हिशेब त्यांच्यापासून मांडावा. आपल्या महिला मंडळांतून भिशी चालते. तशीच एक वेगळी भिशी शाळा उघडताना, जूनमध्ये, सुरू करावी आणि तिचे पैसे दुसऱ्या कशालाही काढायचे नाहीत असे ठरवावे. एका वर्षात जमले नाही तर दोन वर्षांत जमते. बुडणाऱ्या मजुरीचाही आकडा त्यात धरावा, नाहीतर परत आल्यावर उसनवारी सुरू होते आणि मुलांना वाटते समुद्र पाहिला म्हणून घरात भांडण लागले.

आम्ही गेल्या वेळी गेलो तो प्रवास सांगतो, म्हणजे कोणाला अंदाज बांधता येईल. जालन्याहून देवगिरी एक्स्प्रेस रात्री निघते आणि पहाटे कल्याण-ठाण्याकडे पोहोचते. रात्रीचा प्रवास असल्याने एका मुक्कामाचे पैसे वाचतात. पाच ते बारा वर्षांच्या मुलाचे रेल्वेत अर्धे तिकीट काढता येते, परंतु अर्ध्या तिकिटावर स्वतंत्र बर्थ मिळत नाही. त्याला निजायला जागा हवी असेल तर पूर्ण भाडे. आम्ही धाकटीला आईजवळ निजविली. ठाण्याहून लोकलने पनवेल, आणि पनवेलहून एसटीने कोकणात. मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना अर्धे भाडे आहे. ज्या घरात आजी, आई आणि दोन मुली आहेत त्या घराला हा मोठाच आधार. आमच्या घरच्या आयुष्यमतींनी वाहकाकडून तिकीट घेताना आमच्याकडे असे पाहिले की या सहलीत महागडा माणूस कोण, हे आम्हांला सांगावे लागले नाही!

शिदोरी घरचीच होती. ज्वारीच्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, ठेचा. पहिले दीड दिवस बाहेर एक पैसाही जेवणावर गेला नाही.

वाटेत महाड लागते. तेथे उतरल्यावाचून पुढे जाणे आम्हांला शक्यच नव्हते. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर मुलांना बसवून सांगितले की मुंबई कायदे मंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला होता, महाडच्या नगरपालिकेनेही तो मान्य केला होता. पण ठराव कागदावर आणि पाणी तळ्यात. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब ही पायरी उतरले, ओंजळ भरली. त्यापुढे खटला चालला तो १७ मार्च १९३७ पर्यंत, मुंबई हायकोर्टाचा निकाल लागेपर्यंत. थोरला नववीत आहे, त्याने लगेच वजाबाकी केली. "एका ओंजळीला दहा वर्षं?" २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरमागे घागरी घेऊन धावलेल्या शहरातली ही मुले. पाण्यासाठी थांबणे त्यांना समजते.

महाड एवढेच. यापुढे सहलीची शाळा करायची नाही, असे आम्ही घरून ठरवून निघालो होतो. मंडणगड तालुक्यात बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे आहे, महाडातच मनुस्मृती दहनाची आठवण देणारा क्रांतिस्तंभ आहे. सर्व पाहावे, पण सर्व एकाच सुटीत पाहू नये. मुलांना धावते दर्शन घडवून आपण "सर्व झाले" म्हणतो आणि मुले दमून बसमध्ये झोपतात. ती स्थळे स्वतंत्र प्रवासाची आहेत.

कशेडीतून खेड आणि खेडहून दापोली. दापोलीपासून समुद्र जवळच. हर्णै, मुरूड, कर्दे अशी गावे किनाऱ्याने एकापाठोपाठ आहेत. बुद्ध पौर्णिमेचा दुसरा दिवस होता. एसटीतून उतरलो आणि खोली शोधायला लागलो.

जे घडले ते लिहावे की न लिहावे याचा आम्ही बराच विचार केला. मुलाबाळांच्या पानावर कडू कशाला, असे वाटले. पण ज्यांना आम्ही "जा" म्हणतो, त्यांच्यापासून हे लपवून चालणार नाही. किनाऱ्यावरच्या एका घरी पर्यटकांना खोल्या देतात अशी पाटी होती. गावाचे आणि घराचे नाव येथे देत नाही. मालकांनी ओटीवरूनच विचारले, "कुठून आलात?" जालना. "किती माणसं?" पाच. खोली दाखविली, भाडे ठरले. मग वही उघडताना विचारले, "आडनाव?" आडनाव सांगितले. पेन थांबले. "नाही म्हणजे... आत्ताच फोन आला होता, पुण्याची माणसं येणार आहेत, विसरलोच." आम्ही काही क्षण तेथेच उभे राहिलो. फोन वाजला नव्हता हे धाकटीलाही ठाऊक होते.

आम्ही शांतपणे पिशव्या उचलल्या. बाहेर आल्यावर धाकटीने विचारले, "खोली तर रिकामीच होती ना?" आठ वर्षांच्या मुलीला काय सांगायचे?

थोडे पुढे गेल्यावर कोळीवाड्याच्या कडेला एक बाई जाळे वाळत घालीत होत्या. त्यांना विचारले. त्यांनी दोनच प्रश्न केले, "मासळी खाता ना?" आणि "म्हातारं माणूस आहे, वर चढवेल का?" आमच्या मातोश्री म्हणाल्या, "चढंल की, जालन्याहून आले, एवढा जिना काय." खोली साधी होती. खिडकीतून समुद्र मात्र पूर्ण दिसत होता.

त्या रात्री आम्ही मुलांना बाबासाहेबांची सुटी सांगितली. होय, सुटीच. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी ती लिहिली आहे. साल १९०१. बाबासाहेब नऊ-दहा वर्षांचे. कुटुंब साताऱ्यास होते आणि वडील सुभेदार रामजी खटाव तालुक्यात गोरेगाव येथे खजिनदाराच्या नोकरीवर होते. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून तेथे सरकारी तलावाचे काम चालले होते. उन्हाळ्याच्या सुटीत वडिलांकडे यायचे बोलावणे आले. भीमराव, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुले अशी पोरे आनंदाने निघाली. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे. आगगाडीत बसण्याची अपूर्वाई. मसूर स्टेशनावर उतरले, पण पत्र वेळेवर न पोहोचल्याने न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरांनी चौकशी केली. चांगल्या कपड्यांची ही मुले कोण, हे कळताच त्यांचा चेहरा पालटला. गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे कबूल केले, आणि गाडी मुलांनी स्वतः हाकायची, गाडीवान बाजूने पायी चालणार, असे ठरले. वाटेत डबा जवळ होता, पण रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही.

धाकटीने सर्व ऐकून घेतले. मग विचारले, "पोचले का पण ते बाबांकडे?" पोहोचले. दुसऱ्या दिवशी पोहोचले. "मग बरंय," म्हणाली आणि झोपली.

थोरल्याला तेवढ्याने समाधान नव्हते. त्याला कायदा हवा होता. तोही सांगितला. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या भागात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट यांच्या बाबतीत धर्म, जात यांवरून कोणालाही अडविता येणार नाही असे स्पष्ट म्हटले आहे. १९५५ च्या कायद्याने, ज्याला पुढे नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले, अस्पृश्यतेच्या कारणावरून हॉटेलात प्रवेश नाकारणे गुन्हा ठरविले; आणि त्या कायद्यात हॉटेल या शब्दात बोर्डिंग आणि लॉजिंगही येते. आडनाव ऐकून पेन थांबविणारा माणूस जातीचे नावही काढीत नाही, 'पुण्याची माणसं' काढतो. पुरावा कठीण होतो, हे खरे. म्हणून आम्ही इतकेच सुचवितो की जाण्यापूर्वी मुक्काम ठरवून, नाव-आडनाव आधीच सांगून, पैसे भरल्याची पावती किंवा फोनवर आलेला संदेश जवळ ठेवावा. पाव्हण्यांनी आडनाव बदलून सांगण्याची युक्ती आम्हांला कित्येकांनी सुचविली. ती आम्हांला पसंत नाही. चार दिवस विसावा घ्यायला जायचे आणि चारही दिवस खोटे आडनाव लक्षात ठेवायचे, तर विसावा कसला?

असो. दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्र तेथेच होता आणि त्याने आडनाव विचारले नाही.

मुलांना सर्वांत मोठे कोडे भरती-ओहोटीचे पडले. सायंकाळी पोहोचलो तेव्हा पाणी इतके आत गेले होते की थोरला म्हणाला, "दुष्काळ पडला वाटतं इथंही." दुसऱ्या दिवशी दुपारी तेच पाणी वाळू गिळीत वरपर्यंत आले. कोळीणताईंनी त्यांच्या पद्धतीने समजाविले. दिवसरात्रीत दोनदा भरती, दोनदा ओहोटी. आणि रोजची भरती आदल्या दिवसाहून सुमारे पाऊण तास उशिरा. पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास चंद्र, सूर्य आणि पृथ्वी एका रेषेत येतात, तेव्हा पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत मागे हटते, ते उधाण. मधल्या अष्टमीच्या सुमारास जोर कमी, तो भांग. आपण पौर्णिमेला विहारात जातो, वंदना घेतो. कोळीही पौर्णिमा मोजतात, पाण्यासाठी. आमच्या मातोश्रींना हे फार आवडले. आयुष्यभर पौर्णिमा धरलेली बाई. तिचा हिशेब समुद्रालाही माहीत आहे हे तिला सत्तरीच्या घरात कळले.

धाकटीचा दुसरा प्रश्न. आपल्या कुंडलिकेचे पाणी इथेच येते का? येत नाही. कुंडलिका दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला, पूर्णा गोदावरीला, आणि गोदावरी थेट पूर्वेकडे आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला. आपल्या घरामागची नदी आपल्याकडे पाठ करून दुसऱ्याच समुद्राला जाते. गंमत अशी की रायगड जिल्ह्यातही एक कुंडलिका आहे. ती रोह्यावरून वाहत रेवदंड्याजवळ याच अरबी समुद्राला मिळते. नाव एक, समुद्र दोन.

यावरून आम्हांला भगवान बुद्धांचा तो प्रसिद्ध दृष्टान्त आठवला, जो त्रिपिटकात आहे आणि बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणातही सांगितला. नद्या वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात, त्यांना आपापली नावे असतात, समुद्राला मिळाल्यावर ती नावे उरत नाहीत. तसे संघात आलेल्याची जात उरत नाही. त्याच उपदेशात असेही आहे की समुद्राला चव एकच, मिठाची. धम्माला चव एकच, विमुक्तीची. आम्ही हे विहारात कितीतरी वेळा ऐकले आहे. धाकटीने मात्र ओंजळीत पाणी घेतले, जीभ लावली, तोंड वाकडे केले, मग दहा पावले पुढे जाऊन पुन्हा चाखून पाहिले. "इथं पण खारट!" तथागतांचे म्हणणे तिने दोनदा तपासून घेतले, ही गोष्ट कालामसुत्ताला धरूनच झाली.

पाण्यात उतरण्याविषयी मात्र कडक राहावे. आपली मुले विहिरीत, तळ्यात पोहायला शिकलेली असतात आणि त्याच भरवशावर समुद्रात शिरतात. तळ्याचे पाणी ओढत नाही, समुद्राचे ओढते. ओहोटी सुरू असताना आत जाऊ नये. गुडघ्याच्या वर पाणी येऊ देऊ नये. एकट्या-दुकट्या किनाऱ्यावर, खडकांजवळ आणि खाडीच्या तोंडाशी उतरू नये. आज पाणी कसे आहे, हे गावातल्या माणसाला विचारावे आणि तो नको म्हणाला तर वाद घालू नये. कोणी आत खेचला गेलाच, तर किनाऱ्याच्या दिशेने पाण्याशी झुंजून दम घालवू नये. किनाऱ्याला समांतर सरकत त्या ओढीतून बाजूला निघावे आणि मग काठाकडे यावे. वाचवायला म्हणून एकामागून एक उड्या मारू नयेत, एका घरातले तीन जीव असेच जातात. दोरी, बांबू, रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेकावे. पावसाळ्यात समुद्र लांबूनच पाहावा.

दारूविषयी वेगळे लिहायला नको. पंचशील घरी ठेवून सहलीला जाता येत नाही.

हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव भरतो तो जरूर पाहावा. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, नावा उभ्या, आणि वाळूवर बोली. नावेतली मासळी बैलगाडीने काठावर आणण्याची येथली जुनी रीत. आमच्या थोरल्याला मोंढ्यातले सौदे माहीत आहेत, त्याला बोली लगेच कळू लागली. पुरुष नावेवर आणि बायका बाजारात. पैशाचा व्यवहार बायकांच्या हातात. आयुष्यमती तेथे बराच वेळ उभ्या होत्या.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हे सर्व लिहीत आलो तिच्याकडे येतो. सहल पुरुषाची आणि मुलांची होते. आईची होते का? स्टोव्ह, पातेली, तांदूळ, तिखट बांधून नेले आणि समुद्राकाठी आईने तोच स्वयंपाक मांडला, तर तिने फक्त चूल हलविली. खर्च वाचतो हे खरे. पण कारखान्यातल्या माणसाला निदान कायद्याने रजा दिली. घरातल्या बाईच्या रजेचा कायदा कोणीच केलेला नाही. तो घरातच करावा लागतो. म्हणून आम्ही मुक्कामावर जेवण ठरवूनच घेतले. तांदळाची भाकरी, बांगड्याचे कालवण, सोलकढी. काटे काढण्याची आम्हां मराठवाड्याच्या लोकांना सवय नाही, पहिल्या दिवशी जेवण कमी आणि खोकणे जास्त झाले. कपडे थोरल्याने धुतले. अंथरुणे आम्ही घातली. आमच्या मातोश्रींना हे पटेना. पुरुषमाणूस अंथरूण घालतो म्हणजे सुनेला बरे नाही की काय, असे त्यांनी दोनदा विचारले.

तिसऱ्या दिवशी सकाळी दापोलीजवळच्या वणंदला गेलो. तेवढे एक ठिकाण आम्ही मुद्दाम ठेवले होते. माता रमाईचे हे जन्मगाव, जन्म ७ फेब्रुवारी १८९८. त्यांचे वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरातून माशांच्या टोपल्या डोक्यावर वाहून बाजारात पोहोचवीत आणि त्यावर घर चाले. आईबाप लवकर गेले, लेकरे मुंबईला भायखळ्यास नातेवाइकांकडे आली. रमाई आणि भीमरावांचे लग्नही भायखळ्याच्या बाजारातच लागले, रात्री, दुकाने उठल्यावर. म्हणजे समुद्र आपल्या घरात आधीपासून होता. तो बापाच्या डोक्यावरच्या टोपलीतून ठिबकत होता. त्या काठावर रमाई पाय सोडून कधी बसल्या असतील का, हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

रमाईंच्या चरित्रांत एक प्रसंग येतो. प्रकृती सुधारावी, हवापालट व्हावा म्हणून त्या धारवाडला वराळे यांच्या वसतिगृहात गेल्या होत्या. तेथे मुलांच्या जेवणाचे धान्य संपले, अनुदान आलेले नव्हते. रमाईंनी हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या आणि मुलांना जेवू घातले. आपण हा प्रसंग त्यागाचा म्हणून सांगतो, डोळे पुसतो. परंतु वणंदच्या त्या अंगणात उभे असताना आम्हांला दुसरेच जाणवत होते. बाई विश्रांतीसाठी गेली होती. विश्रांतीतही तिला कोणाच्या तरी जेवणाची काळजी वाहावी लागली. २७ मे १९३५ ला त्या गेल्या, वय अवघे सदतीस. हा स्मृतिदिन दरवर्षी उन्हाळ्याच्या सुटीतच येतो. त्या दिवशी आपल्या विहारांतून अभिवादन होते, भाषणे होतात, आणि कार्यक्रमाचा चहा नेहमीप्रमाणे महिला मंडळ करते.

त्या दिवशी दुपारी उन्ह कलल्यावर आयुष्यमती आणि मातोश्री दोघी किनाऱ्यावर जाऊन बसल्या. आम्हांला सोबत यायला मनाई होती. मुलांना आम्ही दूर नेऊन वाळूचा स्तूप करायला लावले. तो तीनदा पडला, चौथ्यांदा टिकला. दोघी सासू-सुना पाण्याकडे पाहत तासभर बसल्या होत्या. काही बोलत होत्या का, लांबून कळले नाही. सूर्य पाण्यात उतरला तेव्हा मातोश्रींनी हात जोडले, मग हात तसेच ठेवून आमच्याकडे पाहून हसल्या. रात्री जेवताना म्हणाल्या, "चैत्यभूमीला इतक्यांदा गेले, समुद्राचा आवाज कधी आला नाही. गर्दीत येतच नाही."

ज्यांना पुढच्या मे महिन्यात जायचे आहे त्यांनी ध्यानात ठेवावे की रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते. म्हणजे मार्च महिन्यातच नाव नोंदवावे लागेल, जयंतीच्या वर्गणीच्या धावपळीत ते विसरते. मुक्कामासाठी गावातल्या घरगुती खोल्या हॉटेलांपेक्षा परवडतात. खोली आणि जेवण वेगवेगळे ठरवावे, नाहीतर शेवटी हिशेबात घोळ होतो. आणि भिशीची वही कोणाकडे ठेवायची, हे महिला मंडळाने ठरवावे. पुरुषांकडे देऊ नये.

जयभीम!